पडदा, प्रत आणि मत : सीमाभागातल्या आठ चित्रपटांच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४

भाताची सुगी उरकत आली की बेळगाव, खानापूर भागात मोकळी पटांगणंही मिळतात आणि मोकळ्या संध्याकाळीही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढ्या काळात आठ चित्रपट दाखवायचे ठरलं आहे. काही बेळगावच्या शहापूर आणि टिळकवाडीतल्या छोट्या हॉलमध्ये, काही गावात उघड्यावर.

जुने सिनेमे संथ असतात, त्यांचा आवाज किरटा असतो, नव्या ‘वास्तववादी’ सिनेमात काही घडत नाही आणि संवाद कळत नाहीत, ही चार मतं इथे कुठल्याही कट्ट्यावर ऐकायला मिळतात. यातली निम्मी तक्रार चित्रपटाची नाहीच. ती प्रतीची, पडद्याची आणि ॲम्प्लिफायरची आहे, असं आमचं म्हणणं आहे. ते तपासायचं. म्हणून या वहीत चित्रपटावरचं मत आणि त्या दिवसाची यंत्रणा शेजारी शेजारी लिहायची. खेळ नीट झाला नसेल तर त्या दिवशीचं मत कच्चं धरायचं.

यादी अशी: ‘राजा हरिश्चंद्र’चे (१९१३) उरलेले तुकडे, ‘संत तुकाराम’ (१९३६), ‘कुंकू’ (१९३७), ‘माणूस’ (१९३९), नव्यांपैकी ‘कोर्ट’, ‘फँड्री’, ‘सैराट’ आणि कन्नड ‘तिथि’.

हक्कांचं गणित आधी. भारतात चित्रपटाचा हक्क तो प्रदर्शित झाला त्याच्या पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षं टिकतो. त्यामुळे पहिले चार कधीच मोकळे झाले आहेत. पण चित्रपट मोकळा असला तरी कुणी डिस्कवर नव्याने केलेली सबटायटलं किंवा नव्याने जोडलेलं संगीत मोकळं नसतं. ती वापरायची नाहीत, आपली करायची. नव्या चारांसाठी निर्मात्याचं लेखी पत्र हातात पडल्याशिवाय तारीख लावायची नाही. उघड्यावरच्या खेळाला पंचायतीचं पत्र आणि लाउडस्पीकरची पोलीस परवानगी लागते. रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद, हा देशभराचा नियम आहे. म्हणून सगळे हिशेब १० पासून मागे करायचे.

१० नोव्हेंबर

प्रती तपासल्या. ‘संत तुकाराम’च्या दोन प्रती होत्या. एकीची लांबी १३१ मिनिटं, दुसरीची जेमतेम १२६. दुसरीत प्रसंग कापले असतील असं वाटलं, म्हणून दोन्ही शेजारी लावून पाहिल्या. एकही प्रसंग कमी नाही. फरक वेगाचा आहे. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा. टीव्हीसाठी प्रत करताना तो २५ चौकटींनी चालवला की ४ टक्के लांबी कमी होते आणि आवाज जवळजवळ पाऊण स्वर-अंतराने वर चढतो, म्हणजे पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या सुमारे ७० टक्के. तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनिसांचा गळा भजनाचा, छातीतून येणारा. तो चढला की ‘किरटा’ वाटतो आणि लोक म्हणतात, जुन्या काळी असंच गात.

वेग ओळखायला पेटीवर भरवसा ठेवू नये. १९३६ साली पेटी-तंबोरे कुठल्या पट्टीत लावले होते याची खात्री नाही. लांबी हाच खरा पुरावा. चढलेली प्रतच हाताशी असेल तर व्हीएलसी या प्लेअरमध्ये वेग ०.९६ करायचा आणि ‘टाइम-स्ट्रेचिंग ऑडिओ’ची खूण काढायची. ती खूण राहिली तर चित्र हळू होतं, स्वर मात्र चढलेलाच राहतो.

दुसरा दोष चौकटीचा. त्या काळची चौकट १.३७ : १, जवळपास जुन्या टीव्हीसारखी. आजच्या रुंद टीव्हीसाठी काही प्रतींत ती आडवी ताणलेली असते; माणसं एक तृतीयांश जाड दिसतात. काहींत ताणलेली नसते, वरून-खालून कापलेली असते. त्यात चित्राची २३ टक्के उंची जाते. ताणलेली प्रत ओळखायला समोरून दिसणारी एखादी गोल वस्तू शोधायची (टाळ, थाळी, गाडीचं चाक), चित्र थांबवायचं आणि पडद्यावर टेपने उंची-रुंदी मोजायची. कापलेली प्रत ओळखणं अवघड, कारण तिच्यात सगळं गोलच असतं. डोक्यावरची पागोटी सतत काठाला टेकताहेत का आणि श्रेयनामावलीची वरची-खालची ओळ तुटते आहे का, ते पाहायचं. ताणलेलं चित्र सुधारता येतं. कापलेलं परत येत नाही, ती प्रत टाकून द्यायची.

आडव्या दातेरी रेघा हलत्या हातापायांवर दिसल्या तर डीइंटरलेस चालू करायचं (व्हीएलसीमध्ये डी हे बटण). एवढं पुरतं.

१७ नोव्हेंबर

पडदा. शाळांच्या कपाटात पडून असलेले ४ : ३ चे जुने प्रोजेक्टर लोक कालबाह्य समजतात. १.३७ च्या चित्रपटाला तेच योग्य, कारण त्यांचं जवळपास सगळं पॅनेल वापरलं जातं. आमचा १०२४ × ७६८ चा, ३५०० ल्युमेन उजेडाचा. उलट अतिरुंद २.३९ च्या स्कोप चित्रपटाला तोच प्रोजेक्टर फक्त ४२८ ओळी देतो. १२ फूट रुंद पडद्यावर चित्र ५ फूट उंच उरतं. तेव्हा दोन प्रोजेक्टर: जुन्यांना हा, नव्यांना १९२० × १०८० चा मागून आणायचा.

कापड: मांजरपाट स्वस्त, पण एकेरी असेल तर प्रकाश आरपार जातो आणि चित्र फिकटतं. दुहेरी केला आणि मागे काळं कापड लावलं. फ्लेक्सची मागची बाजू करून पाहिली. ती चमकते, मध्यभागी उजळ डाग पडतो आणि कडेला बसणाऱ्यांना करडं दिसतं. मांजरपाटच ठेवला. मापं: चित्र १२ × ९ फूट, कापड १४ × १०.५, चारी बाजूंनी काळी पट्टी. रिंगा दर फुटाला. वरची बाजू बांबूला पक्की बांधायची. खालची आणि बाजूची सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी. सुतळीने पक्की बांधली तर वाऱ्याच्या पहिल्या झोताला रिंग कापडासकट निघते. ट्यूब ताणते आणि परत येते.

अंतर: या लेन्सला पडद्याच्या रुंदीच्या दीडपट, म्हणजे १८ फूट लागतं, झूम वापरून २१ पर्यंत जाता येतं. म्हणजे प्रोजेक्टर प्रेक्षकांच्या मधोमध येतो. तो साडेचार-पाच फूट उंच मंचावर ठेवायचा, समोर ६ फूट रुंद पट्टा दोरीने मोकळा. चित्र तिरकं आलं तर प्रोजेक्टरमधल्या कीस्टोन या सोयीने सरळ करू नये. त्यात चित्राचे कण जातात आणि सबटायटलांची अक्षरं पुसट होतात. मंचच हलवायचा.

२१ नोव्हेंबर

येळ्ळूरला जागा पाहिली. पौर्णिमेला खेळ नको, असा बऱ्याच जणांचा आग्रह असतो. तो चुकीचा आहे. पूर्ण चंद्राचा उजेड पाव लक्सच्या आसपास (लक्स म्हणजे एखाद्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप). आपला प्रोजेक्टर पडद्यावर २०० ते ३०० लक्स टाकतो. खरा शत्रू पथदिवा. एलईडीचा खांब जवळ असेल तर पडद्यावर १० लक्स सहज पडतो आणि काळ्याचा करडा होतो. प्रभात फिल्म कंपनीच्या छायाचित्रणात अंधार हा अर्धा अभिनय आहे. तो करडा झाला तर उरलेलं कृष्णधवल ‘फिकं’ वाटणारच. दोन खांब बंद ठेवायची पंचायतीला विनंती केली, तिसऱ्याकडे पडद्याची पाठ केली.

२४ नोव्हेंबर

‘संत तुकाराम’ची कन्नड सबटायटलं. गावात घराघरांत दोन्ही भाषा आहेत. सुना हुक्केरी-गोकाककडच्या, शेजारी लिंगायत किंवा जैन. त्यांना बाजूला बसवून खेळ करणं बरोबर नाही.

नियम ठरवले: जास्तीत जास्त दोन ओळी, ओळीला साधारण ३५ अक्षरं, सेकंदाला १२ ते १५ अक्षरांपेक्षा जास्त नाही, कमीत कमी एक सेकंद, जास्तीत जास्त सहा. फाईल यूटीएफ-८ मध्येच जतन करायची, नाहीतर पडद्यावर कन्नडऐवजी चौकोन येतात. कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा भाग, ओत्तक्षर, अक्षराच्या खाली लागतो. दोन ओळींतलं अंतर कमी असेल तर वरच्या ओळीची ओत्तक्षरं खालच्या ओळीत घुसतात. शिवाय काही जुन्या संगणकांवर ती खाली न लागता शेजारी पडतात. म्हणून ज्या लॅपटॉपवर खेळ होणार त्यावरच दहा मिनिटं चालवून पाहायची. चौकट भरलेली असल्याने खाली काळी पट्टी नाही. अक्षरं चित्रावरच पडतात. पांढरी अक्षरं पांढऱ्या धोतरावर हरवतात. पिवळसर रंग आणि काळी कड घेतली.

अभंगांचं काय? धृपद पहिल्यांदा आलं तेव्हाच भाषांतर, परत आलं की पडदा मोकळा. विठ्ठल, पांडुरंग, चंद्रभागा यांना हात लावायचा नाही. पुरंदरदासांची कन्नड पदं ऐकलेल्या कानांना विठ्ठल समजावून सांगावा लागत नाही. भाषांतरात खरी कसोटी तुकोबांच्या बायकोच्या, जिजाईच्या तोंडाची. तिचा राग पुस्तकी बंगळुरी कन्नडमध्ये घातला की ती शाळामास्तरीण वाटते. इथल्या बाजारात ऐकू येणारी कन्नड घातली, आणि बाई जिवंत झाली.

१ डिसेंबर

चाचणी म्हणून हॉलमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’चे तुकडे. मूळ ३७०० फुटांपैकी आज १४७५ फूट उरले आहेत, आणि तेही फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा केलेल्या आवृत्तीचे असावेत असं अनेक अभ्यासक मानतात.

मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवत, सेकंदाला साधारण १६ ते १८ चौकटी. एका फुटात १६ चौकटी बसतात. म्हणजे १६ च्या वेगाने १४७५ फूट साडेचोवीस मिनिटं चालायला हवेत. २४ च्या वेगाने ते साडेसोळा मिनिटांत संपतात. आधी मुद्दाम २४ ने लावलं. हॉल हसला. राजा तुरुतुरु चालतो, तारामती झालेले अण्णा साळुंके पदर झटक्याने सावरतात. मग व्हीएलसीत वेग ०.६७ करून तेच पुन्हा लावलं. हसू थांबलं. साळुंकेंचे हात हळूहळू जोडले जातात, त्यात लाज आहे, भीती आहे. पहिल्या खेळात दिसलेला बावळटपणा त्या नटाचा नव्हता. मूकपट विनोदी असतात, हा समज दीडपट वेगाने तयार केलेला आहे.

सोबत पेटी आणि तबला होता. ठेका चित्राच्या मागे धावत राहिला तर पुन्हा विनोदी वाटतं. वादकाने पडद्याकडे पाहत, विलंबितकडे झुकूनच वाजवावं.

८ डिसेंबर

‘संत तुकाराम’, येळ्ळूर, उघड्यावर. ७ ला सुरू, ९.२५ ला समाप्त, मध्ये दहा मिनिटं विश्रांती.

आवाज: दोन बॉक्स ७ फुटांच्या स्टँडवर, पडद्याच्या दोन बाजूंना, तोंड मागच्या रांगांकडे. देवळावरचे भोंगे वापरले नाहीत. भोंगा खालचे स्वर देतच नाही, मग पागनिसांचा गळा पुन्हा किरटा. ८ किलोहर्ट्झच्या वरचं मिक्सरवर बरंच कमी केलं. त्या काळच्या ध्वनिपट्टीत वर फार काही नसतं, फक्त खरखर असते. १०० हर्ट्झच्या खालचंही काढलं. सगळी खरखर काढायच्या मागे लागू नये, स, श, च बोथट होतात.

साडेआठनंतर दव पडलं. मांजरपाट ओला होऊन खाली पोट काढू लागला. ट्यूबच्या पट्ट्या एकेक वेढा आवळल्या. लेन्सवर वाफ धरली की पुसायची नाही, ओरखडे पडतात. प्रोजेक्टर खेळाआधी अर्धा तास चालू ठेवला तर ती धरतच नाही.

चित्रपटाबद्दल. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल यांनी चमत्कार दाखवले आहेत, पण चित्रपट चमत्कारावर उभा नाही. तो उभा आहे गौरी या नटीने केलेल्या जिजाईवर. तुकोबाचा देव आकाशात आहे आणि जिजाईची म्हैस दारात. लेकरू आजारी पडलं की ती त्याला घेऊन देवळात जाते आणि पायातलं काढून देवावर उगारते. त्या जागी पटांगणात बायका हसल्या नाहीत. पुढे सरकून बसल्या. भक्ती आणि संसार यांचं भांडण चित्रपट तुकोबाच्या बाजूने निकालात काढत नाही, शेवटच्या विमानापर्यंत जिजाईचं म्हणणं खरंच राहतं. संतपट पुष्कळ झाले. कन्नडमध्ये राजकुमारांचा ‘भक्त कुंबार’ (१९७४) इथल्या म्हाताऱ्यांना अजून तोंडपाठ आहे, आणि तो गोड आहे. पण संताच्या बायकोला एवढी जागा देणारा दुसरा नाही.

‘आधी बीज एकले’ हा तुकारामांचाच अभंग, असं तिघांनी ठामपणे सांगितलं. तो शांताराम आठवल्यांनी या चित्रपटासाठी लिहिला आहे. पुढच्या खेळाआधी हे सांगायचं. आठवल्यांना त्यांचं श्रेय मिळालं पाहिजे.

‘संथ’ हा शब्द एकदाही ऐकू आला नाही.

१५ डिसेंबर

‘कुंकू’, शहापूर, हॉल. आजचा खेळ बिघडला. सविस्तर लिहितो, कारण हीच चूक लग्नाच्या हॉलपासून शाळेपर्यंत सगळीकडे होते.

चाचणीला आवाजच नाही. लॅपटॉपमध्ये गाणं लावलं तर येतं, तेही पोकळ, गायिका हरवलेली. ‘कुंकू’ लावला की शांतता. कारण केबल. लॅपटॉपची ३.५ मिमीची स्टिरिओ पिन एका टोकाला आणि दुसऱ्या टोकाला एकच जाड पिन, ती मिक्सरच्या बॅलन्स्ड तोंडात. बॅलन्स्ड तोंड दोन तारांतला फरक तेवढा उचलतं. जुना चित्रपट मोनो, डाव्या-उजव्यात तंतोतंत तोच आवाज. फरक शून्य, म्हणून आवाज शून्य. नव्या चित्रपटात मधोमध ठेवलेले संवाद असेच खाल्ले जातात आणि पार्श्वसंगीत तेवढं उरतं. ‘आजकालच्या सिनेमात संवाद कळत नाहीत’ यातले कितीतरी संवाद या केबलने गिळलेले असतात. उपाय: ३.५ मिमीवरून दोन स्वतंत्र मोनो पिना निघणारी केबल, दोन वेगळ्या चॅनेलना. ती शेजारच्या साउंडवाल्याकडून मिळाली.

मग हमिंग. ॲम्प्लिफायर स्टेजच्या बोर्डवर, लॅपटॉप आणि प्रोजेक्टर मागच्या भिंतीच्या बोर्डवर. दोन अर्थिंगमधला फरक केबलमधून वाहतो आणि ५० हर्ट्झची घरघर येते. लॅपटॉपची चार्जिंग पिन काढली की कमी होते, यावरून दोष ओळखता येतो. अर्थिंगची पिन काढून टाकणं हा उपाय नव्हे, तो धोका आहे. सगळं एका बोर्डवर आणायला हवं होतं, पण एवढी लांब वायर जवळ नव्हती. घरघर ठेवून खेळ केला.

तो करायला नको होता. ‘कुंकू’त पार्श्वसंगीत नाही. व्ही. शांताराम यांनी ते मुद्दाम टाळलं. घरातले, रस्त्यावरचे आवाजच संगीताचं काम करतात. ज्या चित्रपटात शांतता हे वाद्य आहे, त्याच्यावर दोन तास घरघर चालू राहिली. लोक म्हणाले, कंटाळवाणा. हे मत वहीत कच्चं.

२२ डिसेंबर

‘माणूस’, टिळकवाडी. सगळं एका बोर्डवर, घरघर नाही. मागच्या उघड्या भिंतीवर घोंगड्या टांगल्या, घुमणं निम्म्यावर आलं.

शांता हुबळीकर या मूळच्या हुबळीजवळच्या. ‘कशाला उद्याची बात’ या गाण्यात त्या एकेक भाषा बदलत जातात आणि आपला हॉल, ज्याला दिवसभर भाषा बदलायची सवय आहे, तिथे खुलला. त्यांची मैना हे त्या काळच्या मराठी पडद्यावरचं सर्वांत मोकळं स्त्रीपात्र आहे, असं माझं मत आहे. ती स्वतःवर दया दाखवत नाही. शाहू मोडकांचा पोलीस तिच्याइतका लिहिला गेलेला नाही. तो चांगला आहे, पण एकाच सुरात.

५ जानेवारी २०२५

‘कोर्ट’, हॉल, दुसरा प्रोजेक्टर. फाईलमधला आवाज सहा चॅनेलचा. संवाद मधल्या चॅनेलवर असतात. प्लेअर नुसते पुढचे दोन बॉक्स वाजवत असेल तर माणसं ओठ हलवताना दिसतात आणि पंख्यांचा आवाज येतो. व्हीएलसीत ऑडिओ मेनूतून स्टिरिओ निवडून मधला चॅनेल दोन्हीकडे वाटला गेला का, ते पहिल्या साक्षीच्या प्रसंगावर तपासलं. हॉलचे पंखे बंद. इंग्रजी आणि गुजराती संवादांना मराठी सबटायटलं. ‘आत्महत्येस प्रवृत्त करणे’, ‘उलटतपासणी’, ‘जामीन’ हे शब्द इथल्या कोर्टकचेऱ्यांत रुळलेलेच घेतले.

ऑपरेटरसाठी सूचना, लाल पेनाने: शेवटाकडे न्यायालय सुटीसाठी बंद होतं, दिवे एकेक करून मालवले जातात आणि पडदा काळा होतो. चित्रपट संपलेला नाही. हॉलचे दिवे लावायचे नाहीत. पुढे न्यायाधीशांची सहल आहे, आणि झोपमोड झाल्यावर त्यांचा हात उठतो तो प्रसंग आहे. तो चुकला तर सगळा चित्रपट चुकला.

दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे कॅमेरा दूर ठेवतात आणि हलवत नाहीत. कुणाकडे पाहायचं ते आपण ठरवायचं. म्हणून पडदा लहान असून चालत नाही; मोबाईलवर पाहिलेल्याने ‘काही घडत नाही’ म्हणणं साहजिक आहे, कारण जे घडतं ते चौकटीच्या कोपऱ्यात घडतं. पुढच्या खटल्याची वाट पाहणारी माणसं, कारकुनाची हालचाल, उघडं दार.

सरकारी वकील बाई कुटुंबासोबत मराठी नाटकाला जातात आणि तिथे परप्रांतीयांना हाकलण्यावर टाळ्या पडतात, तो प्रसंग इथे पाहणं वेगळं आहे. मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाला तो बहुसंख्याकांचा प्रसंग म्हणून भिडत असेल. बेळगावचा मराठी माणूस आपल्याच गावात भाषेने थोडा. टाळ्यांचा तो आवाज त्याला दोन्ही बाजूंनी ऐकू येतो. हॉलमध्ये कुणी बोललं नाही. चर्चेत मात्र पाऊण तास याच प्रसंगावर गेला. संपूर्ण यादीत मी हा चित्रपट ‘संत तुकाराम’च्या खालोखाल ठेवीन.

१२ जानेवारी

‘फँड्री’, खानापूर तालुका, शाळेचं पटांगण. डुकराच्या मागे धावणारं कुटुंब शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच जागच्या जागी थांबतं, डुक्कर मात्र निघून जातं. या जागी प्रेक्षक उठून उभे राहतात आणि मागच्यांना नेमकं तेच चित्र दिसत नाही. चित्रपटाच्या कथेचा भाग म्हणून राष्ट्रगीत येतं तेव्हा प्रेक्षकांनी उभं राहण्याची अपेक्षा नसते, हे सुरुवातीलाच माईकवर सांगितलं. सगळे बसून राहिले आणि प्रसंग पूर्ण पोचला.

पुढे पकडलेलं डुक्कर वाहून नेताना दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी शाळेच्या भिंतीवरचे आंबेडकर आणि फुले चौकटीत आणले आहेत. ते पाहायला पडद्याच्या कडा स्वच्छ हव्यात. काळी पट्टी चित्रावर अर्धा फूटसुद्धा चढता कामा नये. नायक जब्याचा शेवटचा दगड थेट आपल्याकडे येतो. दगडानंतर लगेच दिवे नकोत. पंधरा सेकंद अंधार ठेवला.

१९ जानेवारी

‘तिथि’ची मराठी सबटायटलं. दक्षिण कर्नाटकातल्या मंड्याकडची कन्नड इथल्या कन्नड माणसालाही पहिल्या फेरीत पूर्ण कळत नाही; आपली धारवाडी वळणाची. दोन कन्नड भाषकांकडून प्रत्येक रीळभर मजकूर दोनदा ऐकून घेतला.

शीर्षकापासूनच अडचण. मराठीत तिथी म्हणजे पंचांगातली. तिकडे तिथि म्हणजे मेल्यानंतरचं अकराव्या दिवसाचं कार्य. सबटायटलात ‘अकरावा’ घातलं. आजोबांना तिकडे ‘ताता’, आपल्याकडे कन्नडमध्येही आणि गावाकडच्या मराठीतही ‘अज्जा’. ‘अज्जा’ लिहिल्यावर चित्रपट दोन जिल्हे जवळ आला.

राम रेड्डींनी यात गावातली, कधी अभिनय न केलेली माणसं घेतली आहेत. पणजोबा १०१ वर्षांचा होऊन मरतो, मुलगा गड्डप्पा दारूची बाटली खिशात घालून भटकत राहतो, नातू जमीन विकायला बापाच्या मृत्यूचा खोटा दाखला करतो. सातबारा आणि उताऱ्यावरून भाऊबंदकी पाहिलेल्या आपल्या गावांना हे समजावून सांगावं लागत नाही. गड्डप्पा हा आपल्याकडच्या कुठल्याही नटाला करता आला नसता. त्याची चाल शिकवता येत नाही.

२ फेब्रुवारी

‘सैराट’, निपाणी, उघड्यावर, सर्वांत मोठी गर्दी. लांबी १७४ मिनिटं. ७ ला सुरू केलं तर विश्रांतीसकट १० च्या पुढे जातं, म्हणून ६.४० ला सुरुवात. पहिली वीस मिनिटं चित्र फिकं दिसलं, ते पत्करलं.

गाण्यांना पोरं पडद्यापुढे नाचायला येणार हे धरून पहिली रांग पडद्यापासून १२ फूट मागे घेतली आणि मधली जागा नाचायला सोडली. प्रकाशाचा झोत डोक्यावरून गेला.

यातली शेवटची मिनिटं निःशब्द आहेत. लहान मुलाची पावलं, आणि आवाज काही नाही. इथे दोन चुका होतात. एक, आवाज गेला असं समजून ऑपरेटर नॉब वर नेतो. दोन, जनरेटर. दीडशे फुटांवर ठेवला तरी त्या शांततेत तोच ऐकू येतो. म्हणून शेवटची ३० मिनिटं सगळं इन्व्हर्टरवर. प्रोजेक्टर ३००, लॅपटॉप ६५, ॲम्प्लिफायर सरासरी १५० वॅट; १५० एएचच्या एका बॅटरीवर तासभर तरी निर्धास्त. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच हवा, नाहीतर ॲम्प्लिफायर भणभणतो. बदली करताना प्रोजेक्टर क्षणभरही बंद पडू नये, दिवा गरम असताना पंखा थांबला की दिव्याचं आयुष्य जातं. मध्ये ६०० व्हीएचा यूपीएस ठेवला.

दोन-तीन हजार माणसं, आणि शेवटी फक्त पडद्याच्या कापडाची फडफड.

मध्यंतरानंतरचा भाग हळू, ही तक्रार इथेही आली. मला ती पटत नाही. आर्ची-परश्या हैदराबादेत भाषा नसलेल्या गावात पोचतात. गाणी थांबतात, कॅमेरा खाली येतो, भाडं, गॅस, संशय. पहिल्या भागाची चटक लागलेल्याला हा वेग शिक्षेसारखा वाटतो, पण तो नसता तर शेवट नुसता धक्का झाला असता. ‘सैराट’वरूनच केलेला कन्नड ‘मनसु मल्लिगे’ (२०१७) इथल्या बऱ्याच जणांनी पाहिला आहे, त्यातही रिंकू राजगुरूच आहेत.

९ फेब्रुवारी

‘कुंकू’ पुन्हा, तोच हॉल, शक्य तेवढे तेच प्रेक्षक. एकच बोर्ड, ३० मीटर वायर, दोन मोनो पिनांची केबल, पंखे बंद, घोंगड्या मागे. खेळाआधी दोन मिनिटं चित्राविना ध्वनी चालू ठेवून हॉलच्या चारी कोपऱ्यांत उभं राहून ऐकलं.

या वेळी भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक शेवटच्या रांगेत ऐकू आली. ते घड्याळ नीरेच्या म्हाताऱ्या नवऱ्याच्या वयाचं आहे हे कुणाला सांगावं लागलं नाही. शांता आपटेंची नीरा गप्प असते तेव्हा घर बोलतं, आणि केशवराव दात्यांचा काकासाहेब, तिचा नवरा, त्या आवाजांनी हळूहळू आक्रसत जातो. डिसेंबरमध्ये ‘कंटाळवाणा’ म्हणणाऱ्या चौघांपैकी तिघांनी मत बदललं. चौथ्या बाई म्हणाल्या, ‘आवाज चांगला झाला भाऊ, पण शेवट मला तेव्हाही पटला नव्हता, आताही नाही.’ शेवटी काकासाहेब पत्र लिहून जीव देतो आणि नीरेला मोकळं करतो. अख्खा चित्रपट जी मुलगी नाही म्हणत उभी आहे, तिचा निकाल शेवटी त्यानेच लावायचा, आणि मोठेपणही त्यालाच.

या मताला घरघरीचा आधार नाही. ते पक्कं म्हणून वहीत घेतलं. माझंही तेच.